उभ्या माणसाचं चिलखत

वहिनीच्या दुकानात नवं काही शिवलं जात नाही. तिथे जुनं नीट होतं. पोट सुटलेल्यांच्या पँटी कमरेत सैल होतात, वारलेल्या काकांचा कोट पुतण्याच्या खांद्याला बसवला जातो, लग्नाच्या आदल्या दिवशी अडकलेली चेन बदलून मिळते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा, आणि आत जाणाऱ्या दाराला पडदा. पडद्याच्या आत सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. नवरा जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर.

बाईचा स्वभाव शांत. गिऱ्हाईक कितीही चढ्या आवाजात बोललं तरी ही तोंडात टाचण्या धरून हं हं करते. त्यामुळे लोकांचा समज असा की वहिनीला राग येत नाही. राग तिला येतो. तो ती लोणच्यासारखा मुरू देते, एवढंच.

वहिनी हे नाव तिला धाकट्या दिराकडून मिळालं. भावोजी गाद्यांच्या मोठ्या शोरूमचे मॅनेजर. दिवसभर लोकांना गादीवर आडवं करून 'कसं वाटतंय' विचारायचं, आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर सेनापती व्हायचं. तो एक ऑनलाइन खेळ आहे. गुहा, गड, राक्षस, आणि जगभरची माणसं आपापल्या घरी बसून एकमेकांशी टोळी करून लढतात. टोळीला एक वैद्य लागतो, पोरं त्याला हीलर म्हणतात. लढणाऱ्यांच्या मागे राहायचं आणि ज्याचं रक्त कमी होईल त्याला बरं करायचं. भावोजींना वैद्य मिळेना, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा ना. बसून करायचं काम आहे." ती बसली. टोळीतले सगळेच मग तिला वहिनी म्हणू लागले.

आणि तिला ते आवडलं. खोटं कशाला सांगा. दिवसभर दुसऱ्याच्या फाटक्यात सुई घालून झाली की तासभर हेडफोन लावून गुहेत जायचं. कोण कुठे उसवणार आहे हे तिला आधीच दिसे. पडणाऱ्याला तो पडण्याआधी सावरायची. कितीतरी सुट्ट्या घालवून तिने अजगराच्या गुहेतून एक पांढरी काठी मिळवली होती, तशी अख्ख्या टोळीत कुणाकडे नव्हती.

मग तो रविवार आला.

भावोजींकडे काटेरी चिलखत होतं. त्याची करामत अशी की जो तुम्हाला मारेल, त्याचा मार उलटून त्यालाच लागतो. भावोजी ते घालून गुहाभर पळत सुटायचे, सगळे राक्षस अंगावर ओढून घ्यायचे, आणि राक्षस मारून मारून आपणच मरायचे. त्या दिवशी ते इतके पुढे पळाले की वहिनीचं औषध पोचेना. मागे राहिलेल्या टोळीवर राक्षस तुटून पडले. वहिनी मेली, टोळी मेली, शेवटी सेनापतीही मेले.

हेडफोनमध्ये सगळे ऐकत होते. भावोजी म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण टोळी म्हणजे धर्मशाळा नाही. तुमचा हात मंद आहे."

"तुम्ही थांबला असतात तर पोचले असते मी," ती म्हणाली.

"सेनापतीने थांबायचं, औषधवालीसाठी? हीलरचं काम ते काय हो, मागून मलमपट्टी. कोणीही करतं. घरी नानांचं करता ना, ते छान जमतं तुम्हाला. तेच करा."

कुणीतरी हसलं. मग एक टिचकी, आणि वहिनी टोळीच्या बाहेर. पांढरी काठी टोळीच्या सामाईक कोठारात होती, नियमच तसा. ती संध्याकाळपर्यंत शोरूममधल्या नव्या सेल्समनच्या हातात गेली. त्या पोराला काठीचं कुठलं टोक वर धरायचं हेही ठाऊक नव्हतं.

वहिनीने हेडफोन काढून ठेवला आणि आत गेली. नानांना अर्धांगवायू होऊन बरेच दिवस झाले होते. उजवी बाजू गेली, डावा हात राहिला. तेव्हापासून भावोजी एकदा फळं घेऊन आले होते आणि दारातूनच म्हणाले होते, "वहिनी आहेत म्हणून निर्धास्त आहे." तिने नानांना उशीला टेकवलं, तोंड पुसलं, आणि ते करताना तिच्या कानात तेच वाजत राहिलं. छान जमतं तुम्हाला. तेच करा.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, जाऊ दे. लहान आहे तो." चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडू लागलेला लहान.

जाऊ देण्याचा तिचा बेत नव्हता.

त्या खेळाची एक रीत आहे. दर हंगामाआधी खेळ बनवणारी मंडळी एक फळा उघडतात. खेळाडूंनी तिथे मतं लिहायची: कुठलं हत्यार फार भारी झालंय, कुठलं कुचकामी, बॅलन्स कुठे बिघडलाय. पटलं तर ते बदल करून आधी एका चाचणीच्या दुनियेत लावतात, लोकांना वापरून बघू देतात, आणि मग खऱ्या खेळात आणतात. फळ्यावर अर्थातच बाजार भरलेला. धनुष्यवाले म्हणतात तलवारी भारी, तलवारवाले म्हणतात धनुष्यं भारी, आणि आदल्या दिवशी हरलेला प्रत्येक जण म्हणतो की खेळच बंद करा.

वहिनीने तो सगळा गोंगाट दुपारच्या रिकाम्या वेळात, काज करता करता, सावकाश वाचला. आरडाओरडा करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही हे तिच्या ध्यानात आलं. ऐकतात ते माप देणाऱ्याचं. मग तिने न्हाव्याला गाठलं. कोपऱ्यावरच्या सलूनचा हा मालक जुन्या टोळीतलाच. वहिनीला काढलं त्याच दिवशी तो स्वतःहून बाहेर पडला होता आणि त्याने आपली वेगळी टोळी जमवली होती. "तुम्हीही कात्रीवाल्या, मीही कात्रीवाला," असं कारण त्याने दिलं. त्याच्याकडे काटेरी चिलखत होतं. ते अंगावर चढवून तो राक्षसांचा मार खात राहिला, वहिनी बघत राहिली. लागतं किती, उलटतं किती. उभं राहिलं तर किती, पळालं तर किती.

मग तिने 'टाचणी' या नावाने मत लिहिलं. शिवी नाही, रडगाणं नाही. हे चिलखत घातलेल्याला लढावंच लागत नाही, टोळीची गरज उरत नाही, मागचे मरतात आणि हा एकटा मिरवतो. काटे निम्मे करावेत. खाली सगळी मापं.

दुसऱ्या दिवशी खाली खुद्द सेनापतींचं उत्तर. टाचणी कोण हे त्यांना कुठून कळणार. "ज्यांना खेळता येत नाही ते बॅलन्सवर रडतात. नाचता येईना, अंगण वाकडं."

वहिनीने ते वाचलं आणि त्यांच्या उत्तराला आवडल्याचा एक लाल बदाम दिला.

थोड्याच दिवसांत न्हावी दुकानात आला तो अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून. "वहिनी, लागला. तुमचा बदल चाचणीत लागला. काटे निम्मे. शोरूममध्ये सुतक आहे म्हणे."

"तुमचं गिऱ्हाईक बसलंय ना?"

"बसू दे. फेस वाळला की पुन्हा लावीन. तुम्हाला आनंद नाही का झाला?"

झाला होता. तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही. पण मशीनचा पट्टा त्या दुपारी नेहमीपेक्षा हलका चालला. हंगाम उघडू दे. ज्या तोंडाने मलमपट्टी म्हणालात, त्या तोंडावर पडाल. हेडफोनमध्ये सगळे असतील आणि सगळे ऐकतील.

चहा घेऊन ती पडद्याआड गेली. नाना कॉम्प्युटरपुढे बसले होते. तिचाच जुना कॉम्प्युटर. डाव्या हाताला व्यायाम हवा, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा वहिनीनेच त्यांना त्या खेळात एक माणूस करून दिला होता. पुढचं ते आपलं आपण बघत. ती कधी डोकावली नव्हती. म्हाताऱ्या माणसाचंही काही खासगी असावं.

"काटे जाणार," नाना म्हणाले. त्यांचे शब्द आता ओठाच्या एका कोपऱ्यातून, एकेक करून बाहेर येत.

"कुठले काटे?"

"माझे."

तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. रानातली मोकळी जागा, आणि मधोमध एक माणूस उभा. अंगात काटेरी चिलखत. भोवती लांडगे. लांडगे झेपावत, काट्यांवर आपटत आणि आडवे पडत. मग तो माणूस सावकाश चालत जाऊन एक रानफूल खुडे आणि पुन्हा उभा राही. एका हाताने चालवताही येईल आणि मारताही येईल, असं त्या खेळात होणार नव्हतं. पण या चिलखतात मारावं लागत नव्हतं. उभं राहिलं की झालं.

"निम्मे काटे म्हणजे," नाना म्हणाले, "लांडगे खातील मला." अर्धा चेहरा हसला. "बरं झालं. डोळे दुखतात हल्ली."

त्यांनी डाव्या हाताने कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. फक्त भिंत.

त्यांचं 'बरं झालं' वहिनीला पाठ होतं. त्यांची सायकल विकली तेव्हाही ते बरं झालं म्हणाले होते.

ती तिथेच उभी राहिली. नानांच्या अंगात निळा शर्ट होता. त्यांचे सगळे शर्ट तिने बदलले होते. काजं शिवून बंद केली होती, आत चिकटपट्टी लावली होती आणि वरून बटणं नुसती दिसायला टाकली होती. डाव्या हाताने दाबलं की शर्ट बंद. आल्यागेल्याला वाटावं, माणूस बटणं लावून बसलाय. ज्या बाईला हे सुचलं, तिला त्याच माणसाच्या अंगातलं हे दुसरं कापड दिसलं नव्हतं. दिसला होता फक्त दीर. त्या एका अंगाकडे बघून तिने सगळ्या जगाचं चिलखत कापायला काढलं होतं.

मत मागे घेता आलं असतं. हंगामाला अजून अवकाश होता. न्हावी म्हणाला, "घ्या मागे, काय. सेनापती सुटले म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"सुटले म्हणायचं?" वहिनी म्हणाली.

"मग काय करता? एक कापड, दोन अंगं."

नानांच्या पायाची बोटं चोळतानाही तिच्या मनात तेच होतं. नानांचा एक काटाही कमी व्हायला नको आणि भावोजींच्या अंगावर एकही उरायला नको.

सुटका झाली ती एका वेटरमुळे. तो हॉटेलचा काळा कोट घेऊन आला होता. "ताई, हा कोट उभा राहिलो की मस्त बसतो. पण ट्रे उचलून चालायला लागलो की सगळा वर चढतो. जोकर दिसतो मी."

"हात वर करा," ती म्हणाली. त्याने केला. कोट कानापर्यंत गेला. काखेतलं कापड कमी पडत होतं. कुणी शिवला होता कोण जाणे, पण उभ्या माणसाच्या मापाने शिवला होता. चालणाऱ्याला तो होणारच नव्हता.

वहिनी त्या आरशात इतका वेळ बघत राहिली की वेटर म्हणाला, "फारच बिघडलाय का?"

"नाही हो," ती म्हणाली. "फार छान बिघडलाय."

त्याच दिवशी टाचणीने फळ्यावर दुसरं मत लिहिलं. पहिलं माझं चुकलं. काटे पूर्ण ठेवा. पण जो पाय रोवून उभा आहे त्यालाच ते लागू करा. पळू लागला की काटे मिटावेत, थांबला की पुन्हा उठावेत. हे चिलखत सोसणाऱ्याचं आहे, पळणाऱ्याचं नाही. आणि ज्यांना दोन्ही हात चालवता येत नाहीत अशीही माणसं हा खेळ खेळतात, एवढं विसरू नका.

फळा दोन दिवस पेटला. टाचणीला वेडी म्हटलं, विकली गेलेली म्हटलं. पण खालून हळूहळू दुसरेच आवाज यायला लागले. मांडीवर तान्हं बाळ घेऊन एका हाताने खेळणारी आई. हात थरथरणारा एक निवृत्त शिक्षक. कारखान्यात बोटं गेलेला कुणी. सगळे तेच चिलखत घालून कुठल्या ना कुठल्या रानात गुपचूप उभे होते. सेनापतींनी लिहिलं, "उभं राहायला काय, खांबही राहतो." त्यावर त्या आईने जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही, पण वहिनीने ते दोनदा वाचलं.

बदल मान्य झाला. उभ्याला काटे पूर्ण, पळत्याला शून्य.

नानांनी खुर्ची खिडकीकडून परत वळवली. संध्याकाळी विचारलं, "न्हाव्याच्या टोळीत... फाटक राखायला माणूस आहे का?" नाना जन्मभर रेल्वेच्या फाटकावर होते.

हंगामाची पहिली मोठी स्पर्धा रविवारी दुपारी होती. एका टोळीने गड राखायचा, दुसरीने घ्यायचा. जिंकणाऱ्याचं नाव खेळातल्या राजधानीच्या वेशीवर कोरलं जातं, आणि तिथे आपलं नाव लागणार या नादात भावोजींनी शोरूममध्ये आठवडाभर उसन्या हसण्याने गाद्या विकल्या होत्या. न्हाव्याची टोळी म्हणजे किडूकमिडूक माणसं. त्यांनी भावोजींशी गाठ पडेपर्यंत मजल मारली हेच नवल. दरवाज्यात उभा एक माणूस, त्याच्या मागे नव्या नावाची एक वैद्यबाई. खुर्च्या शेजारी शेजारी, कॉम्प्युटर दोन.

"हलायचं नाही, नाना," वहिनी म्हणाली.

"शिकवू नकोस," नाना म्हणाले.

भावोजी नेहमीसारखे पळत आले. बदल त्यांना माहीत नव्हता असं नाही. पण ज्या माणसाला आजारी बापाच्या खोलीतही दारातून पुढे येऊन टेकवत नाही, तो गडाच्या दारात टेकेल कसा. बोटांची सवय. वाटेत पहारेकऱ्यांनी झोडपलं, काटे मिटलेले, रक्त निम्म्यावर. त्यांनी औषध मागितलं. काठीवाला सेल्समन मागे कुठेतरी भिंतीशी बोलत होता. तरी दरवाज्यात एकच ठोंब्या उभा बघून त्यांना चेव चढला. ते तलवार उपसून तुटून पडले.

एक घाव, उलटला. दुसरा घाव, उलटला. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण न हलणारा माणूस सोपा वाटतो. भावोजी मारत राहिले, आणि वहिनी नानांचं रक्त घावागणिक भरत राहिली. चोळण्यासारखं, पुसण्यासारखं, रोजच्यासारखं. तेवढ्यात सेनापती आपल्याच घावाने आडवे झाले.

पडल्या पडल्या त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "गेटवरचा हा ठोंब्या कोण आहे? हलता येत नाही का?"

नानांनी ते वाचलं. मग डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, उत्तर लिहिलं.

"नाही."

गड राहिला. न्हाव्याने सलूनमध्ये त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्याला फुकट तेल लावलं, त्यांना हवं असो वा नसो. आणि जिंकलेली वैद्यबाई कोण, हे त्याच्या तोंडात राहणं शक्यच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी भावोजी दुकानात आले. हातात फळं होती. आरशात बघून त्यांनी केस सारखे केले.

"वहिनी, काय खेळलात. मान गये. मी तर म्हणतो, झालं गेलं विसरा. काठी मी सकाळीच तुमच्या नावावर परत टाकलीय. बघा हवं तर. आता या टोळीत परत. पोरं म्हणतात वहिनी हवी."

"पोरं म्हणतात?"

"मीही म्हणतो."

वहिनी मशीनला तेल घालत होती. "काठी घेतली," ती म्हणाली. "टोळीचं बघू. तुम्ही आलाच आहात तर एक काम करता? नानांना फिरायला न्यायचंय. माझे हात तेलाचे आहेत. तेवढा निळा शर्ट चढवा त्यांना, पलंगावर काढून ठेवलाय."

भावोजी क्षणभर घुटमळले. नाही म्हणायला जागा नव्हती. ते पडद्याआड गेले.

बाह्या चढल्या, ते तिला आवाजावरून कळलं. मग भावोजींचं पुटपुटणं. पडदा अर्धा सरकलेला होता. भावोजी बापापुढे वाकून बटणाला काज शोधत होते. बटण हातात येत होतं, काज सापडत नव्हतं. त्यांनी वरचं सोडून खालचं धरलं, खालचं सोडून मधलं. कपाळावर घाम.

"वहिनी, ही बटणं लागत नाहीत. शर्ट आटलाय का?"

"रोज तर लागतात," वहिनी म्हणाली.

ते पुन्हा वाकले. तेवढ्यात त्यांची नजर नानांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. कॉम्प्युटर चालूच होता. गडाचं दार, दारात उभा माणूस, अंगात काटेरी चिलखत. भावोजींच्या हातातलं बटण हातातच राहिलं. त्यांनी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बहुधा बऱ्याच दिवसांनी.

वहिनीने चाकाला हात दिला, मशीन दोन टाके रिकामी फिरली.

"सावकाश होऊ द्या, भावोजी," ती म्हणाली. "मलमपट्टीचं काम. कोणीही करतं."

शर्टाच्या दोन कडा धरून दीर तसाच वाकलेला राहिला. एकदा दाबलं असतं तर शर्ट मिटला असता. नानांना ते ठाऊक होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि आपला चांगला डावा हात मांडीवर नीट ठेवून दिला.